नावापुरता मॅनेजर: ओव्हरटाइमची रेषा आणि एक अमेरिकी पेपर

'डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन' हे पद कुणाचं असेल, सांगा बरं. जाहिरात कंपनीतला कुणी बडा माणूस वाटतो ना? तर नाही. ऑफिसात शिरल्याबरोबर समोर बसलेली, फोन घेणारी आणि "बसा, साहेब येतीलच" म्हणणारी व्यक्ती, म्हणजे आपली रिसेप्शनिस्ट. अमेरिकेत नोकरीच्या खऱ्याखुऱ्या जाहिरातीत हे नाव आलं होतं. ते कुणी हौसेने ठेवलेलं नाही, त्यामागे ओव्हरटाइम वाचवण्याचा हिशेब आहे, असं लॉरेन कोहेन, उमित गुरुन आणि बुगरा ओझेल या तिघांचं म्हणणं आहे. त्यांचा 'टू मेनी मॅनेजर्स' हा पेपर २०२३ च्या जानेवारीत एनबीईआर या अमेरिकी संस्थेच्या वर्किंग पेपर मालिकेत आला.

मी संख्याशास्त्रवाली. कायदा हा माझा विषय नाही, आणि या पेपरकडे मी गेले ती त्यातल्या पद्धतीसाठी. पेपर मला आवडला. पण आपल्या जिल्ह्यातल्या शिफ्टवाल्या मित्रांना डोळ्यासमोर ठेवून वाचायला लागले, तर त्यात काही मोठी भोकं दिसायला लागली.

आधी अमेरिकेतला नियम. तिथला १९३८ चा कायदा म्हणतो की आठवड्याला ४० तासांच्या वर काम केलं तर वरच्या तासांना दीडपट पैसे. यातून सूट कुणाला? व्यवस्थापकीय, प्रशासकीय किंवा तज्ज्ञ स्वरूपाचं काम करणाऱ्याला, आणि तेही त्याचा ठरलेला पगार एका किमान रकमेच्या वर असेल तरच. २००४ ते २०१९ या काळात ही रक्कम आठवड्याला ४५५ डॉलर होती, म्हणजे वर्षाला २३,६६०. आता मालकाच्या जागी बसून बघा. रेषेच्या जरा खाली पगार देऊन माणूस ठेवला तर त्याच्या प्रत्येक जादा तासाचे दीडपट पैसे द्या. तोच पगार रेषेच्या जरा वर नेला आणि त्याला 'मॅनेजर' म्हटलं, की तो ५० तास थांबो नाहीतर ६०, खर्च तेवढाच.

तिघांनी नोकरीच्या जाहिरातींचा प्रचंड मोठा साठा घेतला आणि एकच गोष्ट पाहिली: पगाराच्या कुठल्या टप्प्यावर 'मॅनेजर' छापाची नावं जास्त येतात?

ही युक्ती समजायला आपला कापूस बरा. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये असला तर कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. समजा एखाद्या केंद्राच्या नोंदवहीत ११.८, ११.९ च्या नोंदी ढिगाने आहेत आणि १२.१, १२.२ च्या जवळजवळ नाहीतच. शेतातला कापूस असा शहाणा नसतो. त्याला १२ हा आकडा माहीत नसतो. आकडा माणसाला माहीत असतो. म्हणून रेषेच्या एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला, की कुणाचा तरी हात फिरलाय असं समजायचं. आमच्या शास्त्रात याला 'बंचिंग' म्हणतात. ही पद्धत मला फार आवडते, कारण ती कुणालाच काही विचारत नाही. मालकाला विचारलं तर तो खोटं बोलेल, कामगाराला विचारलं तर तो घाबरेल. ढीग दोघांपैकी कुणाचंच ऐकत नाही.

त्यांना ढीग सापडला. ठरलेल्या पगाराच्या नोकऱ्यांत मॅनेजर छापाची नावं त्या रेषेपाशी जवळपास पाचपट झालेली दिसली. जिथे कामगाराला दुसरी नोकरी मिळणं अवघड किंवा कायद्याचं पाठबळ कमी, तिथे हे प्रमाण आणखी जास्त. असा प्रत्येक नावापुरता मॅनेजर मालकाचा ओव्हरटाइमचा साधारण १३.५ टक्के खर्च वाचवतो, असा त्यांचा अंदाज.

आता माझे आक्षेप.

पहिला सोपा आहे आणि लेखकांनाही तो दिसत असणार. त्यांनी जाहिराती मोजल्या, काम मोजलं नाही. रिसेप्शनवरची ती बाई आठवड्याला किती तास थांबली हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. त्यामुळे ढिगाबद्दल माझी शंका नाही, पण १३.५ हा आकडा तासांच्या गृहीतकांवर उभा आहे. बातम्यांनी तो दशांशासकट उचलला, जणू कुणी गेटवर उभं राहून मोजलाय. ढीग ही निरीक्षणाची गोष्ट आणि टक्केवारी ही अंदाजाची, एवढा फरक वाचताना ठेवायला हवा.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या नियमातच लिहिलेलं आहे की नुसत्या पदनामावरून सूट मिळत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघितलं जाईल. म्हणजे कायद्यापुढे 'डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन' या पाटीची किंमत शून्य. मग मालक ती पाटी कुणासाठी लावतो? पेपर वाचताना असं वाटतं की सरकारी तपासनिसाला चकवायला. मला वाटतं, पाटीचा पहिला वाचक ती पाटी मिळालेला माणूसच असतो. "मी मॅनेजर, मला ओव्हरटाइम कसा मिळेल?" हे एकदा त्याने स्वतःशी मान्य केलं की तपासनीस येण्याचा प्रश्नच राहत नाही. तक्रारच होत नाही.

आणि पाटी फुकट जात नाही. आपल्याकडे लग्नाच्या बायोडाटात 'ऑपरेटर' आणि 'असिस्टंट मॅनेजर' यांच्यात किती अंतर आहे ते चिखली-मेहकरकडच्या कुठल्याही आईवडिलांना विचारा. पगार दोघांचा सारखा असला तरी एका बायोडाटाला फोन येतात, दुसऱ्याला येत नाहीत. म्हणजे पदनाम हा पगाराचाच एक हिस्सा झाला, मालकाला एक रुपया न लागता दिलेला. पेपरच्या हिशेबात याला जागा नाही. मालकाने किती वाचवलं ते त्यांनी काढलं. कामगाराने तो सौदा का पत्करला, हा भाग त्यांनी फक्त 'दुसरा पर्याय नव्हता' यावर सोडून दिला. पर्याय नसतो हे खरंच आहे. पण घरी सांगायला नाव मिळतं, हेही तितकंच खरं आहे.

माझ्या बी.एस्सी.च्या बॅचमधला एकजण पुढे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून एका रसायन कारखान्यात लागला. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर, प्रॉडक्शन'. शिफ्ट रात्री ८ ते सकाळी ८. हाताखाली दोन ऑपरेटर, एक हेल्पर. रात्रभर करतो काय? दर अर्ध्या तासाला रिअ‍ॅक्टरचं तापमान लिहितो, सॅम्पल काढून क्यूसीला पाठवतो, बॅच शीट भरतो, पंप बसला तर स्वतः पान्हा घेतो. हेल्परला एक दिवसाची सुट्टी द्यायची तरी त्याच्या हातात नाही, प्लँट हेडची सही लागते. मी विचारलं, "बारा तासांचे पैसे?" तो म्हणाला, "अगं, आम्हाला ओव्हरटाइम नसतो. आम्ही स्टाफ."

'स्टाफ'. खामगाव असो, मलकापूरजवळची दसरखेड एमआयडीसी असो की वाळूज, कारखान्यात माणसं दोनच जातींची: वर्कर आणि स्टाफ. वर्करचं कार्ड पंच होतं, स्टाफचं 'अ‍ॅडजस्ट' होतं. वर्करला ओव्हरटाइम, स्टाफला 'कॉम्प ऑफ', तोही मिळाला तर. गंमत अशी की ओव्हरटाइमचा हक्क ठरवणाऱ्या व्याख्यांमध्ये 'स्टाफ' नावाचा खाना नाही.

मग कायद्यात काय होतं? दोन वेगळे कायदे लक्षात ठेवावे लागायचे. ओव्हरटाइम देणारा होता १९४८ चा कारखाने अधिनियम. त्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर. अमेरिकेसारखा दीडपट नाही, दुप्पट. आणि तंटा घेऊन जायचं कुठे, हे ठरवणारा होता १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम. त्यात कामगार म्हणजे अंगमेहनतीचं, तांत्रिक, कारकुनी वगैरे काम करणारा. अशा कामाला पगाराची मर्यादाच नाही! ७०,००० घेणारा तंत्रज्ञसुद्धा कामगार. पगाराची रेषा फक्त देखरेख करणाऱ्या माणसाला लागायची. ती १९५६ च्या दुरुस्तीत ५०० रुपये होती, १९८४ पासून १,६००, आणि सप्टेंबर २०१० पासून १०,०००. मधली २६ वर्षं ती १,६०० वरच गोठलेली होती. महागाईबरोबर न सरकणारी रेषा काही वर्षांनी कुणालाच विभागत नाही, सगळे एकाच बाजूला येतात. १०,००० च्या आत पगार असलेला सुपरवायझर आज शोधून दाखवा. म्हणून अमेरिकी पेपरसारखा ढीग इथे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आणि ढीग नाही म्हणजे चलाखी नाही, असा अर्थ काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. रेषा मेली की ढीग होत नाही, एवढंच.

रेषा मेल्यावर उरते ती कामाची कसोटी. मुंबईच्या सिबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, अर्कल गोविंद राज राव यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ती नीट मांडली: माणसाचं मूळ, मुख्य काम काय ते बघा. वरून चार जादा कामं चिकटवली म्हणून त्याचं स्वरूप बदलत नाही. कामगार न्यायालयाने त्यांना कामगार मानलं नव्हतं, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. या कसोटीवर माझा मित्र कुठे बसतो? तापमान लिहिणं, सॅम्पल काढणं, पान्हा चालवणं. तीन माणसांवर नजर ठेवणं हे वरून चिकटवलेलं. माझ्या मते त्याचं काम तांत्रिक आहे. पण हे सिद्ध कोण करणार? त्याची सही बॅच शीटवर, बॅच शीट कंपनीच्या कपाटात.

बरं, समजा तो सुपरवायझरच आहे असं मानलं. तरी कारखाने अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये एक परंतुक होतं, जे मी स्वतः पानं उलटेपर्यंत कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. राज्याने नियमात देखरेखीचं किंवा व्यवस्थापनाचं पद म्हणून ठरवलेल्या माणसालासुद्धा, त्याचा पगार वेतन प्रदान अधिनियमाच्या मर्यादेत असेल तर, ओव्हरटाइम द्यायचाच. ही मर्यादा ऑगस्ट २०१७ पासून २४,००० होती. म्हणजे १८-२० हजारांवर लागलेला 'असिस्टंट मॅनेजर' आठ वर्षं ओव्हरटाइमच्या हक्कात होता, आणि त्याला सांगितलं जात होतं की तू स्टाफ.

हक्क केवढा? साधा गुणाकार करू. पगार २०,०००, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास. तासाला ९६ रुपये १५ पैसे, दुप्पट म्हणजे १९२ रुपये ३० पैसे. बारा तासांच्या शिफ्टमध्ये रोज ४ तास जादा, महिन्याला १०४ तास. १०४ गुणिले १९२.३०, बरोबर २०,०००. योगायोग नाही हा: निम्मे तास जादा आणि दर दुप्पट, म्हणजे अख्खा दुसरा पगार. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर जरा कमी. आणि महिन्याला १०४ म्हणजे तिमाहीला ३१२ तास. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी तिमाहीची मर्यादा ११५ होती, ती १४४ करायला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ३१२ कुठेच बसत नाही. तेव्हा तो माणूस 'वर्कर' म्हणून नोंदवला तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही, ती शिफ्टच बेकायदा ठरते. 'स्टाफ' म्हटलं की तास मोजायचेच नाहीत, म्हणून कुठली मर्यादा ओलांडली हे कळायचंच नाही. पेपरने हिशेब केला तो वाचलेल्या पगाराचा. न मोजलेल्या तासांचा नाही. रात्रीच्या अकराव्या तासाला सॉल्व्हंटच्या रिअ‍ॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत मला दुसराच हिशेब जास्त काळजीचा वाटतो.

(आमच्या बॅचमधले निम्मे पोरं एम.आर. झाले, त्यांच्याबद्दल थोडक्यात. सँडोझ खटल्यात १९९४ साली घटनापीठाने म्हटलं की वैद्यकीय प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्यासाठी १९७६ चा वेगळा कायदा होता, पण व्यवस्थापकीय काम करणारा त्यातूनही बाहेर. आता एखाद्या एम.आर.चं कार्ड मागून बघा. 'टेरिटरी मॅनेजर' किंवा 'बिझनेस एक्झिक्युटिव्ह' निघायची शक्यता बरीच. टेरिटरी आहे, मॅनेज करायला माणूस एकही नाही.)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि वरचा सगळा पट बदलला. सुपरवायझरची मर्यादा १०,००० वरून १८,००० झाली, असं सगळीकडे सांगितलं गेलं. तंट्याच्या कायद्यापुरतं ते बरोबर आहे. पण कारखान्यातल्या ओव्हरटाइमपुरती जुनी रेषा २४,००० होती. नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेत ओव्हरटाइम 'कामगारा'ला आहे आणि १८,००० च्या वरचा सुपरवायझर त्या व्याख्येबाहेर. म्हणजे तंट्यासाठी रेषा वर गेली, ओव्हरटाइमसाठी खाली आली? इतकंही सरळ नाही. नव्या संहितांत 'वेतन' म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते बाहेर राहतात, आणि ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तरच वरचा भाग वेतनात धरायचा.

याचा परिणाम बघा. एका कारखान्यात सुपरवायझरला ३०,००० मिळतात आणि पगारपत्रकावर मूळ पगार १५,०००. त्याचं वेतन १५,०००, तो रेषेच्या आत, कामगार. शेजारच्या लहान युनिटमध्ये दुसऱ्याला २०,००० एकरकमी मिळतात, भत्त्यांचे रकानेच नाहीत. त्याचं वेतन २०,०००, तो रेषेबाहेर. कमी कमावणारा साहेब, जास्त कमावणारा कामगार! पीएफ कमी भरावा म्हणून ज्यांनी मूळ पगार लहान ठेवला त्यांचे सुपरवायझर आत आले, आणि एकरकमी पगार देणाऱ्या लहान युनिटवाल्यांचे बाहेर गेले. रेषा संसदेने आखली, पण कोण कुठल्या बाजूला हे पगारपत्रक छापणारा ठरवतो. पुढची दोन-तीन वर्षं बंचिंग शोधायचं असेल तर ते मला पदनामापेक्षा मूळ पगाराच्या रकान्यात, १८,००० च्या जरा वर, सापडेल असं वाटतं.

एक वाट अजून उघडी आहे. वेतन संहितेच्या कलम १४ मधला दुप्पट ओव्हरटाइम 'कर्मचाऱ्या'ला आहे, आणि त्या संहितेत कर्मचारी या शब्दात सुपरवायझर, मॅनेजरसुद्धा येतात. अट अशी की त्याच्या कामाचा किमान वेतनदर ठरवलेला हवा. 'असिस्टंट मॅनेजर' म्हणवल्या जाणाऱ्या केमिस्टला अतिकुशल कामगाराचा किमान दर लागू धरायचा की नाही, यावर पुढचे खटले लढले जातील, असा माझा अंदाज.

हा अभ्यास बुलडाणा जिल्ह्यात करायचा झाला तर अमेरिकी पद्धत उचलून चालणार नाही. आपल्याकडच्या 'पाहिजेत' जाहिरातीत सुपरवायझर, फील्ड ऑफिसर, मॅनेजर सगळे असतात, आणि पगाराच्या जागी 'योग्यतेनुसार'. आलेखाचा आडवा अक्षच गायब. ओव्हरटाइम मस्टरमध्ये स्टाफ नसतोच. सगळ्यांचे तास एकाच ठिकाणी सापडू शकतात, ते म्हणजे वॉचमनच्या टेबलावरचं गेट रजिस्टर. माल चोरीला जाऊ नये म्हणून ठेवलेलं असल्याने त्याला पदनामाशी घेणंदेणं नसतं. मॅनेजर ८ ला आत गेला, ८.२० ला बाहेर आला, लिहिलं.

ते रजिस्टर आपल्या हातात येणार नाही. म्हणून शिफ्टला जाणाऱ्यांना एक सांगते. रोज आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ आणि त्या शिफ्टमध्ये हाताने काय केलं ते एका साध्या वहीत लिहीत जा. 'प्लँट सांभाळला' असं नको. 'रीडिंग २२, सॅम्पल ४, पंप २ चा ग्लँड बदलला, हेल्परचा सुट्टीचा अर्ज वर पाठवला' असं. आणि दर महिन्याच्या पगारपत्रकाचा फोटो काढून ठेवा, मूळ पगाराचा रकाना दिसेल असा.